कुणकेश्वरास जाऊ इच्छिणाऱ्या जीपच्या खरीददारांस सूचना

ज्या गृहस्थास आपल्या सोसायटीच्या फाटकातून साधी मोटार बाहेर काढताना दोनदा मागेपुढे करावे लागते, त्यालाच मे महिन्याच्या प्रारंभी अशी अनिवार इच्छा होते की, चारही चाकांना इंजिनाची ताकद पोहोचविणारी एखादी जुनी जीप आपल्या मालकीची असावी, तिच्यात तंबू, स्टोव्ह व ताडपत्री टाकून फोंडाघाट उतरावा आणि कुणकेश्वराच्या पुळणीवर समुद्राची गाज ऐकत रात्र काढावी. ही इच्छा दडपली असता बळावते, हे ध्यानी घेऊन प्रस्तुत सूचना लिहिल्या आहेत. इच्छुकास परावृत्त करणे हा त्यांचा हेतू नसून, त्याचे जे नुकसान व्हावयाचे ते यथाविधी व क्रमवार व्हावे, एवढाच आहे.

प्रथम वंशाचा विचार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी घडविलेल्या विलीज जीपची जोडणी स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत सुरू केली, आणि तेथून जो वंशविस्तार झाला त्यातील ‘एमएम 540’, ‘मेजर’, ‘क्लासिक’ इत्यादी शाखा जुन्या बाजारात अद्याप हयात आहेत. दुसरे घराणे मारुतीच्या जिप्सीचे. 1985 साली अवतरलेल्या या गाडीच्या चारही चाकांवर पाटे असल्यामुळे प्रत्येक खड्ड्याची वार्ता बसणाऱ्याच्या मणक्यास विनाविलंब कळते. घराणे कोणतेही असो, गाडी ‘मिलिटरीची’ असल्याचे विक्रेता शपथेवर सांगेल. त्याच्यावर विश्वास बसलाच, तर निदान तिला लष्करी शेवाळी रंग देण्याच्या फंदात पडू नये. तो रंग मोटार वाहन नियमांनी केवळ संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवला आहे.

गाडी पाहावयास सकाळी लवकर, आगाऊ वर्दी न देता जावे आणि सर्वप्रथम बॉनेटवर तळहात ठेवावा. ते कोमट लागले, तर थंड इंजिन सुरू होताना काय नाटक करते हे आपणास दिसू नये, अशी तजवीज आधीच झालेली आहे असे समजावे. निळा धूर आला तर इंजिन ऑइल खाते. यावर ‘बरेच दिवस उभी होती म्हणून’ असे उत्तर मिळेल. हे उत्तर महाराष्ट्राच्या सर्व जिल्ह्यांत एकच आहे.

यानंतर खरीददाराने गाडीखाली उताणे पडावे. या अवस्थेत प्रतिष्ठा राहत नाही हे खरे, परंतु जीपची खरी किंमत केवळ येथूनच दिसते. चेसिसला नुकताच काळा रंग फासलेला आढळल्यास मालकाच्या टापटिपीचे कौतुक करून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठिकठिकाणी ठोकावे. निकोप लोखंड खणखणते. पोखरलेले बद्द वाजते, आणि मग काळा पापुद्रा सुटून तपकिरी चुरा थेट चष्म्यावर येतो. मागचे पाटे जेथे चेसिसला अडकविलेले असतात, तेथे चिखल साचून राहतो आणि लोखंड तेथेच प्रथम कुजते. देवगड-मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात जन्म काढलेल्या एमएच 07 च्या जीपपेक्षा घाटावरची एमएच 09 ची जीप या बाबतीत बहुधा सुदैवी असते. इंजिन पुन्हा बांधता येते, गिअरपेटी बदलता येते. चेसिस गेली म्हणजे सर्वच गेले. माझ्या मते, या एका तपासणीत जी गाडी उतरली नाही तिच्याविषयी पुढे बोलूच नये, मग ती दीड लाखांत मिळो की फुकट.

आता मूळ प्रयोजन. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा दांडा आहे, एवढ्यावरून पुढची चाकेही ओढतात असा निष्कर्ष काढू नये, कारण डिझेल वाचावे म्हणून पुढचा प्रोपेलर शाफ्ट सोडवून गोठ्याच्या माळ्यावर ठेवणारे आणि पुढे तो तेथेच विसरणारे मालक पुष्कळ झाले. मोकळ्या मातीत न्यावे, पुढच्या चाकांचे हब लॉक करावेत, ‘लो’ टाकावा आणि बाहेर उभे राहून चारही चाके माती उकरतात की नाही हे डोळ्यांनी पाहावे. हा प्रयोग कोरड्या डांबरावर करू नये. वळणावर पुढच्या व मागच्या चाकांना निरनिराळे अंतर कापावयाचे असते, आणि ती एकमेकांस जखडलेली असताना होणारा ताण बिचारे गिअर सोसतात.

कागदपत्रांचे प्रकरण अधिक गहन आहे. कोकणच्या सातबाऱ्यावर एका कलमाच्या बागेस जसे मुंबईपासून बडोद्यापर्यंत विखुरलेले सहहिस्सेदार निघतात, तशी स्वस्त जीपचीही मालकी वाटेत कोठेतरी फुटलेली असते. आरसी बुकात नाव एकाचे, ताबा दुसऱ्याचा, आणि पैसे मोजून घेणारा इसम तिसराच. नमुना 29 व 30 यांवर नोंदणीकृत मालकाची सही आपल्या डोळ्यांदेखत व्हावी. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत व घेणाऱ्याने 30 दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे, असा कायदा आहे. बुकात बँकेचा बोजा असल्यास नमुना 35 हवा. चेसिसवरील क्रमांक बुकातील क्रमांकाशी अक्षरशः ताडून पाहावा. दिल्लीत 10 वर्षांवरील डिझेल गाड्यांस बंदी झाल्यापासून तिकडची वाहने दक्षिणेकडे स्वस्तात उतरतात. परंतु ना-हरकत दाखला, नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर यांचा हिशेब मांडला म्हणजे स्वस्ताई वाटेतच ओघळते. छप्पर कापून, अजस्र टायर चढवून सजविलेल्या जीपचा मोह तर सर्वस्वी टाळावा. कंपनीच्या मूळ रचनेत असा मूलभूत फेरफार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली स्पष्ट केले आहे.

एवढे सर्व निभावून जो साधक कुणकेश्वरी पोहोचतो, त्याची खरी परीक्षा तेथे सुरू होते. वरच्या सड्यावर तंबू ठोकू गेल्यास खुंट्या कातळात शिरत नाहीत. हापूसच्या बागेच्या गडग्याशेजारी मुक्काम केल्यास नेपाळी राखणदाराची विजेरी रात्री तोंडावर येते, आणि ऐन हंगामात आपण केवळ निसर्गप्रेमी आहोत हे त्यास पटविणे कठीण जाते. उरली पुळण. तेथे कोणी वयस्क ग्रामस्थ, “ओ भाऊ, हयसर गाडी लावू नकात, पाणी येतला,” असे म्हणाला, तर त्यास चार चाकांचे माहात्म्य समजावू नये. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते: अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. पौर्णिमेचे चांदणे पाहण्यासाठी संध्याकाळी ओहोटीच्या ओल्या वाळूवर जो जीप उभी करतो, त्याने हा हिशेब जेवणापूर्वी करावा. एकदा चाके आसापर्यंत रुतली की चारही चाके मिळून खड्डाच तेवढा जलद खणतात, आणि टोचन करून बाहेर काढणारा ट्रॅक्टर मध्यरात्री आपला भाव स्वतः ठरवितो. शिवाय दक्षिणेस तांबळडेगच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि चाकोरीत पडलेल्या बोटभर पिलास समुद्र गाठता येत नाही. तेव्हा वाळूवर गाडी नेऊच नये. जीप रस्त्याच्या कडेस ठेवून पायी उतरावे.

राहता राहिला त्या रस्त्याचा प्रश्न. देवगडहून कुणकेश्वराच्या मंदिरापर्यंत सबंध डांबरी सडक आहे, आणि तीवरून एसटीची गाडी मागच्या दोन चाकांच्या बळावर जाते-येते.