तोसदान पाळण्याविषयी काही सूचना

जुनी फौजी कातडी तोसदाने, म्हणजे काडतुसे ठेवायचे खिसे, आणि काडतुसांचे पट्टे जमवायचे ठरले, की आधी घरच्यांना विश्वासात घ्यावे. बंदूक घरात येणार नाही. येणार ते रिकामे खिसे, आणि त्या रिकामेपणाचेच पैसे मोजायचे असतात.

नवशिक्याने ब्रिटिशांच्या १९०३च्या पट्ट्यापासून सुरुवात करावी. बोअर युद्धात उघड्या पट्ट्यांतून काडतुसे वाटेत सांडत, म्हणून याला झाकणाचे खिसे आले : पायदळाला ५, प्रत्येकात १० काडतुसे, घोडेस्वाराला ९. पुढे १९१४मध्ये विणलेल्या सुती पट्ट्यांचा पुरवठा कमी पडला आणि नव्या भरतीसाठी पुन्हा कातड्याचा साज काढावा लागला. त्या तात्पुरत्या सोयीवर आज लोक जीव टाकतात. जर्मनांच्या १९०९च्या तोसदानाची जोडी असते, दोन्ही मिळून १२० काडतुसांची. एकटे मिळाले तर दुसरे शोधण्यात उरलेले आयुष्य जाते. वधूवर सूचक मंडळे या कामी उपयोगी पडत नाहीत.

पुण्याच्या जुन्या बाजारात आधी शेजारच्या पितळी स्टोव्हचा भाव विचारावा. मग सहज म्हणून पट्टा उलटून शिक्का पाहावा. बाण म्हणजे ब्रिटिश सरकार. बाणाखाली ‘आय’ असेल तर हिंदुस्थानातले. विक्रेता ‘शिवकालीन आहे साहेब’ म्हणाला, तर मान डोलवावी. खिशात थ्री-नॉट-थ्रीच्या क्लिपा नेमक्या बसतात, हे सांगून आपणच भाव वाढवू नये. आत जिवंत काडतूस निघाले तर मात्र फोटो नंतर, पोलीस आधी. १९५९चा शस्त्र कायदा छंद ओळखत नाही.

खरी कसोटी घरी लागते. तेल लावू नये. बूटपॉलिश तर नावही काढू नये. तेलाने कातडे काळवंडते, मऊ पडते, आणि त्यातली चरबी पितळी रिव्हेटांशी भिडून हिरवा मेणचट कळंक धरते. तो लाकडी काडीने हलकेच खरवडावा. कातड्याची लाल भुकटी हाताला लागू लागली, तर ते कुजते आहे. झटकू नये, हाताळणेच थांबवावे. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, बुरशी येते. खिशांत कोरा, आम्लरहित कागद भरून आडवे ठेवावे. खुंटीला टांगलेले छान दिसते आणि फाटते.

खंडेनवमीला कपाटाला कुलूप घालावे. घरातले कोणीतरी भक्तिभावाने हळदकुंकू वाहतेच, आणि कातड्यात मुरलेले कुंकू निघत नाही. असा डाग मेसोपोटेमियाच्या लढाईतल्या रक्ताचा म्हणून खपवणारेही भेटतील. त्यांच्याकडून घेताना शिवणीत हळद दिसते का, तेवढे बघावे.