चहामळ्याचे मालक, डोंबिवली पूर्व

प्रत्येक सोसायटीत एक तरी चहामळ्याचे मालक असतात. मळा म्हणजे ग्रिलची गॅलरी. त्यात चहाचं झाड एकही नसतं. गवती चहा असतो, पण तो काही चहा नव्हे, ते गवत. हे त्यांच्यासमोर मात्र बोलायचं नाही. बोललात तर आसामपासून सुरुवात होते आणि तुमची लोकल चुकते.

आमचे मालक टपाल खात्यातून निवृत्त झालेत. हयात सॉर्टिंगला गेली, त्यामुळे हाताला लागेल ते योग्य खणात टाकल्याशिवाय काकांना चैन पडत नाही. पूर्वी पत्रं होती, आता रोपं आहेत. कोण कोणाच्या शेजारी नांदेल, हा एकच प्रश्न ते चोवीस तास सोडवत असतात. लोक लग्नासाठी पत्रिका बघतात, काका कुंडीसाठी बघतात. फरक इतकाच, की ग्रहांच्या जागी त्यांच्याकडे दोनच घरं आहेत : ऊन किती लागतं आणि पाणी किती लागतं.

आणि हे शास्त्र पक्कं आहे, ही खरी पंचाईत. थापा असत्या तर हसून सोडून देता आलं असतं. तुळस आणि पानओवा यांचं त्यांनी एका लांबट कुंडीत जमवून दिलंय, कारण दोघांनाही ऊन हवं आणि पायात पाणी साचलेलं खपत नाही. गवती चहा रंगाच्या वीस लिटरच्या डब्यात. डब्याच्या बुडाला तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने भोकं पाडलेली, वर नारळाच्या शेंड्यांचा थर, मग माती आणि शेणखत. त्याच्या मुळांचं जाळं इतकं दाट होतं की त्या डब्यात दुसरं कोणी टिकत नाही. मात्र दुपारी त्याच्या पात्यांची सावली पडते तिथे आल्याचं पसरट टोपलं ठेवलंय. आल्याला कडक ऊन सोसत नाही. ‘डबे वेगळे, सावली एक,’ असं ते खुशीत सांगतात.

पुदिन्याचं नाव काढलं की मात्र आवाज बदलतो. ‘दिसायला गरीब. पण खालून धावरे सोडतो. आषाढ उलटेपर्यंत सगळी कुंडी त्याच्या नावावर!’ म्हणून पुदिना कुंडीसकट मोठ्या कुंडीत पुरलेला, काठ मातीच्या वर. तरीही रोज सकाळी काका चष्मा लावून त्या काठावरून कोणी पळालंय का ते तपासतात. तळमजल्यावरच्या वहिनींनी पुदिना आणि तुळस एकत्र लावली, तेव्हा काका दोन मजले उतरून गेले होते. लिफ्ट चालू असताना.

मुलीने हौसेने नर्सरीतून रोजमेरी आणली. काकांनी तिला गॅलरीत घ्यायलाच नकार दिला. ‘ही समुद्राकाठची असेल, पण भूमध्य समुद्राच्या. आपला जुलै हिला झेपायचा नाही.’ जुलैत ती सडली. काकांनी पुढचा आठवडाभर काही न बोलता जे बोलायचं ते बोलून घेतलं.

तुळशीवरून घरात एकदा मोठा पेच झाला होता. वृंदावनातल्या तुळशीला चहासाठी हात लावायचा नाही, हा काकूंचा हुकूम, म्हणून चहाची तुळस वेगळी लावली. तिच्या मंजिऱ्या काका येतील तशा खुडतात, कारण मंजिरी आली की पानं बारीक होतात. काकूंना हे बघवेना. शेवटी तह झाला : मंजिऱ्या देवाला, पानं पातेल्याला.

पण ही जुळवाजुळव कुंडीत थांबत नाही. पुतण्याच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात सगळे पगार विचारत असताना काकांनी मुलीला विचारलं, ‘तुम्हाला सकाळचं ऊन आवडतं की दुपारचं?’ मुलगी म्हणाली, ‘मला एसी लागतो.’ काका पुतण्याच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, ‘नाही जमायचं.’ लग्न झालं, उत्तम चाललंय. काका त्याला अपवाद म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या संसाराचं विचारलं तर काकू आतून सांगतात, ‘मी पहिल्यापासून वेगळी कुंडी मागतेय. वन बीएचकेत मिळाली नाही.’

चहा मात्र ते स्वतः करतात, आणि तिथे माणूस खुलतो. गवती चहाची पाती दुमडून त्यांची गाठ मारायची, म्हणजे गाळताना तुकडे येत नाहीत. ठेचलेलं आलं आधणातच. कच्चं आलं दुधात पडलं तर दूध फाटतं, म्हणून दूध सगळ्यात शेवटी. तुळशीची पानं गॅस बंद केल्यावर टाकून वर झाकण. पुदिन्याला दुधाच्या चहात प्रवेश नाही, तो कोऱ्यातच. मग कप हातात देऊन समोर उभे राहतात.

‘आधी काय आलं?’

‘आलं.’

‘बरोबर! मग?’

मग परीक्षा सुरू होते, आणि नापास झालात तर दुसरा कप. ओव्याच्या पानाचा.

शेजाऱ्यांनीही मळ्याला हातभार लावायचं ठरवलं आणि घरोघरचा चहाचा चोथा कुंड्यांत येऊन पडू लागला. दूधसाखरेसकट. मुंग्यांनी तीन दिवसांत मळा ताब्यात घेतला. आता ग्रिलला सुवाच्य अक्षरात पुठ्ठा टांगलाय : ‘चोथा धुऊन, वाळवून आणावा. साखरेचा आढळल्यास पाठवणाऱ्यास परत.’ टपाल खातं अंगातून जात नाही ते असं.

गवती चहाचे फुटवे ते पाऊस लागला की फुकट वाटतात, कोणालाही. हवे असतील तर जूनमध्ये या. पिशवी आपली आणा, आणि घरी पुदिना कुठे लावलाय असं विचारलं, तर खरंखोटं काहीही असो, ‘वेगळ्या कुंडीत’ म्हणून सांगा.