छत्तिसातली एक

मोटारसायकल पंक्चर होणं हा एक प्रसंग असतो. माणूस थांबतो, उतरतो, आधी चाकाकडे आणि मग आभाळाकडे बघतो. येणारा-जाणारा 'काय झालं?' म्हणून विचारतो. मागच्या चाकातली तार तुटण्याला एवढाही मान नाही. 'टण्' असा आवाज होतो, तोही शेजारून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवरच्या गाण्यात बुडतो, आणि गाडी आपली पुढे चालत राहते. छत्तिसातली एक गेली, पस्तीस आहेत की!

खरा घोटाळा इथंच आहे. कुठल्याही सरकारी कार्यालयात छत्तीस मंजूर पदांपैकी एक रिकामं झालं की कार्यालय बंद पडत नाही. त्या टेबलाचं काम शेजारच्या दोघांकडे 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून जातं. यथावकाश त्या दोघांपैकी एक वैद्यकीय रजेवर जातो आणि उरलेल्याच्या गळ्यात तीन टेबलं येतात. मग तोही स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टंकलिखित करतो. चाकात हुबेहूब हेच चालतं, फक्त पंचवार्षिक गतीनं न चालता आठवड्याच्या गतीनं. तिसरी तार गेली की चाक डावी-उजवीकडे नकारार्थी मान हलवायला लागतं, आणि तेव्हा कुठे मालकाला वाटतं की काहीतरी बिघडलंय.

माझं घर शिरूरला आणि सासुरवाडी दौंडला. मध्ये न्हावरं, काष्टी, भीमेचा पूल आणि सगळीकडे ऊस. गळीत हंगामात या रस्त्यावर ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि सांडलेला ऊस यांचं राज्य असतं. मोटारसायकलवाल्यानं त्यांच्यातून उरलेल्या जागेतून जायचं. उरलेल्या जागेत खड्डे असतात. आता आमच्या तालुक्याला खड्ड्यांचं तसं वावडं नाही. टाकळी हाजी आणि निघोज यांच्या मधोमध कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पाण्याच्या भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे गरगर फिरून हजारो वर्षं काळा पाषाण कोरत राहिले, त्यातून ते झाले. भूगोलाचे प्राध्यापक तिथं विद्यार्थ्यांच्या सहली आणतात, सगळे मळगंगेचं दर्शन घेतात, काठावर फोटो काढतात. डांबरी रस्त्यावरचा खड्डाही फार वेगळ्या शास्त्रानं होत नाही. पाणी शिरतं, खडी सुटते, सुटलेली खडी टायरखाली रगडली जाते आणि खड्डा रुंदावतो. कुकडीला हजारो वर्षं लागली, रस्त्याचं काम एका पावसाळ्यात होतं. इतकी प्रगती असूनही त्याची सहल कोणी काढत नाही, एक जावई सोडले तर.

शिरूरला नगर रस्त्याच्या अंगाला माझ्या मिस्त्रींचं गॅरेज आहे. तार बदलायची म्हणजे दहा मिनिटांचं काम, असं ज्याला वाटतं त्यानं तिथं एक दुपार बसावं. चाक काढायचं, टायर उतरवायचा, ट्यूब काढायची. चेनकडच्या बाजूची तार असेल तर स्पॉकेटही खोलायचं, कारण त्याशिवाय ती हबच्या भोकातून आत जात नाही. मोडकी तार हाती आली की मिस्त्री ती उन्हाकडे धरून बघतात. ती मधोमध कधीच तुटलेली नसते. हबच्या भोकात जिथं वाक असतो तिथंच मोडलेली असते.

"सर, ही तुटली ती सैल होती म्हणून. घट्ट असती तर तुटली नसती."

शाळेत मी हे वाक्य उलटं शिकवत आलो आहे, पण मिस्त्रींचं बरोबर आहे. अठरा इंची चाकाचा, टायर धरून, घेर दोन मीटरच्या थोडा आत भरतो. म्हणजे किलोमीटरला पाचशेच्या वर फेरे, आणि शिरूरहून दौंडला पोचेपर्यंत २५,०००च्या पुढे. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा तळाशी येते. तळाशी आली की तिच्यावरचा ताण कमी होतो, वर गेली की परत येतो. नीट ताणलेली तार हे निमूट सोसते. सैल तार मात्र प्रत्येक फेऱ्याला भोकात हलते आणि वाकापाशी थोडी थोडी शिणते. मग एक दिवस काष्टीच्या बैलबाजाराच्या गर्दीतून गाडी काढताना, वेग ताशी दहा किलोमीटर असताना, खड्डा नसताना ती तुटते. लोकांना वाटतं काही कारण नव्हतं. कारण मागच्या सहा महिन्यांचं असतं.

बैलगाडीच्या चाकाचं असं नव्हतं. तुंबा, आरे, पाटे आणि वरून लोखंडी धाव. ओझं आलं की खालचा लाकडी आरा त्याच्याखाली उभा राहायचा, सरळ हिशेब. मोटारसायकलच्या तारेला उभं राहणं ठाऊकच नाही. सुटी तार दोन्ही टोकांनी दाबली तर वाकते. तिला फक्त ओढता येतं. छत्तीसजणी रिमला आपापल्या बाजूला ओढत असतात आणि त्या ओढाताणीत रिम गोल राहते. ही कल्पना ज्यांना सुचली त्या जॉर्ज केली या इंग्रज गृहस्थांनी ती १८०८ साली वहीत टिपून ठेवली होती, आणि तीही आपल्या उडत्या यंत्रासाठी! त्यांना हलकं चाक हवं होतं. विमानासाठी सुचलेलं चाक न्हावऱ्याच्या पुढं पुष्कळदा जमीन सोडतं, त्याचं कारण मला तेव्हा कळलं. तारा सरळ न लावता तिरप्या, एकमेकींना ओलांडून लावायची युक्ती कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांची, १८७४ सालची. मागच्या चाकाला ओझ्याशिवाय चेनचा पीळही सोसावा लागतो, तो तिरप्या तारेला झेपतो.

हे मी मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्यांनी आउट कशानं काढला?"

आउट काढणं हा या धंद्यातला खरा विषय. नवी तार बसवणं कोणालाही जमतं. त्यासाठी फक्त आतली आणि बाहेरची तार ओळखता यायला हवी, कारण दोघींचा वाक निराळा. पण नवी तार ओढायला लागली की जुन्या पस्तीस जणींचा समझोता मोडतो आणि रिम एका बाजूला जाते. मिस्त्री चाक एक्सलवर फिरतं ठेवतात, रिमजवळ खडू धरतात आणि चाकाला टिचकी देतात. खडू जिथं घासला तिथं आउट. तिथली या बाजूची तार अर्धा फेरा सैल, समोरच्या बाजूची अर्धा फेरा घट्ट. परत टिचकी. आता आउट चार बोटं पुढं सरकलेला असतो. बाजूचा निघाला की वर-खालीचा शिल्लक असतोच. निपल अर्ध्या फेऱ्याहून जास्त फिरवायचा नाही, असा त्यांचा दंडक आहे. जो एकदम दोन फेरे देतो त्याला ते मेकॅनिक म्हणत नाहीत, 'नटबोल्टवाला' म्हणतात.

या कामाला प्रेक्षक फार. तुटलेल्या तारेवर ज्याचं मत नाही असा माणूस शिरूर तालुक्यात मला भेटलेला नाही. एक दूधवाले काका किटल्या टेकवून उभे राहतात आणि सांगतात, "समदा सेट बदला, एकेक बदलण्यात राम न्हाय." त्यांच्या स्वतःच्या गाडीला दोन तारा सुतळीनं बांधलेल्या असतात. दुसरा कोणी हवा कमी ठेवा म्हणतो, तिसरा जास्त ठेवा म्हणतो. मिस्त्री कोणालाच उत्तर देत नाहीत. शेवटी निपलातून वर आलेलं तारेचं टोक कानशीनं घासतात, नाहीतर तेच टोक ट्यूबमध्ये घुसून ज्याला प्रसंगाचा मान आहे तो प्रसंग घडवून आणतं.

असं हे निर्दोष केलेलं चाक घेऊन मी दौंडला जातो आणि तिथं सासरे ते नापास करतात.

आमचे सासरे रेल्वेतून निवृत्त झाले. हातात लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांची चाकं वाजवत जाणं हे त्यांचं आयुष्य. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली झाला, तो असा की मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीनं दौंडात यायचं, इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि आलेल्या तोंडाची पाठ करून निघायचं. प्रवासी त्या वेळात चहा प्यायचे, सासरे चाकं वाजवायचे. चांगलं चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द बोलतं. कानावर त्यांचा इतका विश्वास की घरात कलिंगड, माठ आणि जावई हे तिन्ही त्यांनी वाजवूनच घेतले.

मी गाडी अंगणात लावली की ते पाणी विचारायच्या आधी पाना घेऊन खाली बसतात. एकेक आरा वाजवतात. टिंग. टिंग. टिंग. टक.

"जावईबापू, हा बोलत नाही."

"मामा, कालच आउट काढलाय. चाक सरळ फिरतंय."

"सरळ फिरेल हो. सरळ फिरणं वेगळं आणि सगळ्यांनी सारखं ओढणं वेगळं."

यात तथ्य आहे, हीच अडचण. रिम सरळ असूनही एक तार ऐदी आणि शेजारची मरेस्तोवर ताणलेली असू शकते. आवाजावरून ते कळतं, एका बाजूच्या सगळ्या तारा साधारण एका सुरात वाजायला हव्यात. पण सुरात आणायला गेलं की रिम वाकडी होते, आणि रिम सरळ करायला गेलं की सूर जातो, कारण खड्ड्यांत आपटलेली रिम मुळात गोल उरलेलीच नसते. मग सासरे खडूनं त्या आऱ्यावर फुली मारतात, ती फुली घेऊन मी शिरूरला येतो. मिस्त्री फुलीकडे बघतात, फडक्यानं पुसतात आणि तिच्या शेजारचीला अर्धा फेरा देतात.

या भांडणावर मेहुण्याकडे एकच उपाय असतो. "दाजी, अलॉय टाका. तारच नको. ट्यूब नको, मामला संपला." त्याचं खरं आहे. तारांच्या रिमला निपलची भोकं असतात, त्यामुळे साध्या चाकात ट्यूब लागतेच. पण नवीन म्हणून तो जे सांगतो ते फार जुनं आहे. १९७४ साली श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला धातूच्या मूर्ती सापडल्या. त्यात दोन बैल जोडलेला एक रथ आहे आणि त्याची चाकं भरीव आहेत. आरा नाही, आउट नाही, सासऱ्यांना वाजवायला काही नाही. हजारो वर्षांपूर्वी माणसानं ती अवस्था पार केली ती काही उगाच नाही. अलॉयला मोठा खड्डा लागून कडेला तडा गेला तर ते चाक घेऊन कोणाकडे बसायचं? पस्तीस जणींवर भिस्त ठेवून घरी पोचायची सोय त्यात नाही. चार-दोन रुपयांच्या तारेपायी माझं कुठं अडलंय असं मला वाटत नाही. मेहुण्याला मात्र वाटतं, कारण सणावारी जेवायला मला उशीर होतो आणि पाहुणे आल्याशिवाय पानं मांडत नाहीत.

दिवाळीत प्रकरण थेट सुनावणीला आलं. सासऱ्यांनी मला मिस्त्रींना फोन लावायला सांगितला, स्पीकरवर टाकायला लावला आणि तो मागच्या चाकाजवळ धरायला सांगितला. डोळ्यांवरचा चष्मा घरात राहिला होता, पण वाजवायला चष्मा कशाला लागतो? त्यांनी पाना उचलला आणि मारला. खण्ण असा स्वच्छ, लांबलेला नाद अंगणभर घुमला. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मेहुणाही बाहेर आला.

"ऐकलंत?" सासरे फोनला म्हणाले. "सबंध चाकात हा एक तुम्ही बरोबर लावलाय."

पलीकडे थोडा वेळ नुसताच गॅरेजमधला कॉम्प्रेसर ऐकू येत होता.

"मामा," मिस्त्री म्हणाले, "ही तार न्हाय. हे साडीगार्ड हाय."

सासऱ्यांनी हात पुढे करून चाचपून पाहिलं. मग पाना मांडीवर ठेवला.

"असू दे," ते म्हणाले. "बाकीचे छत्तीस या आवाजावर आणून पाठवा."