माफी आधी, तपासणी नंतर

गुन्ह्यात तो होता. पैशात होता. पळून जाण्यातही होता. सापडल्यावर मात्र म्हणाला, सगळे सांगतो, मला सोडा. आपल्या फौजदारी कायद्यात या माणसाला नाव आहे: माफीचा साक्षीदार.

चोरावर विश्वास कोण ठेवणार, असे लोक विचारतात. पण चोरांच्या बैठकीत दुसरे होते तरी कोण?

कट बंद दारामागे शिजतो. तिथे पंच नसतात, कॅमेरा नसतो. म्हणून राज्य आतल्याच एकाला फोडते आणि माफी देते. यात काहीही लाजिरवाणे नाही. लाजिरवाणे पुढे सुरू होते.

१८७२ च्या पुरावा कायद्याने या माणसाबद्दल दोन गोष्टी सांगितल्या. कलम १३३ म्हणे, साथीदाराच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याची पुष्टी नसली, तरी तेवढ्यावरून शिक्षा बेकायदा ठरत नाही. कलम ११४ च्या उदाहरणात लिहिले, महत्त्वाच्या तपशिलांना पुष्टी नसेल तर हा माणूस विश्वासाला अपात्र आहे, असे न्यायालय गृहीत धरू शकते. मग शिक्षा करायची की नाही?

उत्तर न्यायाधीशांनी दिले. १९५७ साली सरवणसिंग खटल्यात न्या. गजेंद्रगडकरांनी, साताऱ्याच्या या माणसाने, दुहेरी कसोटी घालून दिली. आधी पाहा, साक्षीदार मुळात विश्वासार्ह आहे का. तो तसा ठरला, तरच पुष्टी शोधा. पहिल्या पायरीवर घसरला तर दुसरी चढायचीच नाही. त्याच निकालात त्यांनी बजावले की, खरे असू शकते आणि खरे असलेच पाहिजे यांत लांबचा पल्ला आहे आणि तो भक्कम पुराव्यानेच पार करावा लागतो.

सदुसष्ट वर्षांनी कायद्यानेही ते मान्य केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये आता पुष्टी मिळालेली साक्ष असेच म्हटले आहे.

मग सगळे ठीक झाले?

कसोटी नीट वापरली की काय होते, ते पुण्याला ठाऊक आहे. जोशी-अभ्यंकर खूनसत्र. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा खून. संध्याकाळ झाली की शहर दारे लावून बसायचे. गुन्हेगार निघाले अभिनव कला महाविद्यालयातले विद्यार्थी. त्यांच्यातलाच एक माफीचा साक्षीदार झाला आणि पहिल्या खुनाची आतली हकिगत न्यायालयात आली. बळी त्यांच्याच ओळखीतला मुलगा होता. पण ती हकिगत नुसती हवेत नव्हती. पेशवे पार्कातल्या तळ्यातून पिंप निघाले होते, पिंपात मृतदेह होता. साक्षीदार खोटे बोलू शकतो. तळ्यातल्या पिंपाला माफी नको असते.

चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. साक्षीदार वाचला. हा सौदा कडू आहे, पण समजण्यासारखा आहे.

आता दुसरी बाजू. गांधी खून खटला, लाल किल्ला, न्यायाधीश आत्माचरण. माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे, पुण्यात शस्त्रे विकणारा. न्यायाधीशांना बडगे खोटारडा वाटला नाही. उलटतपासणीत तो आढेवेढे न घेता बोलला, असेच त्यांचे मत होते. तरीही सावरकरांपुरती त्याच्या साक्षीला स्वतंत्र पुष्टी नव्हती. १० फेब्रुवारी १९४९ रोजी सावरकर निर्दोष सुटले.

सावरकरांविषयी तुमचे मत काहीही असो, न्यायाधीशांनी नियम पाळला. राष्ट्रपित्याच्या खुनाचा खटला, देश संतापलेला आणि तरीही पाळला.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे या खुनाच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाने जुनी कागदपत्रे काढली. सावरकरांच्या अंगरक्षकाचे आणि चिटणिसाचे जबाब मुंबई पोलिसांनी मार्च १९४८ मध्येच नोंदवले होते. दोघांनाही खटल्यात साक्षीला उभे केलेच नव्हते. त्या दोघांचे ऐकून न्यायालयाने काय ठरवले असते, हे आज कोणी सांगू नये. पण पुष्टी आकाशातून पडत नाही. ती कोणीतरी पिंजऱ्यापर्यंत आणावी लागते आणि ते काम सरकार पक्षाचे असते.

पुष्टी शोधण्यात घाम गाळावा लागतो. माफी देणे सोपे असते.

कोणी म्हणेल, शपथेवर बोलतोय ना? बोलतो. पण माफीची अट वाचा. त्याने संपूर्ण आणि खरे सांगायचे. सांगितले नाही, असे सरकारी वकिलाने प्रमाणित केले की त्याच्यावर त्याच गुन्ह्याचा खटला चालू शकतो आणि माफीच्या बदल्यात दिलेला जबाब त्याच्याच विरुद्ध वापरता येतो. म्हणजे पहिल्या दिवशी त्याने खोटे नाव घेतले असेल, तर पुढे मन खाऊ लागले तरी ते परत घेताना तो दहादा विचार करील. पहिल्या दिवशी त्याच्यासमोर कोण बसले होते, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

डेव्हिड हेडलीचे घ्या. २६/११ साठी मुंबईची रेकी करणारा हा माणूस. अमेरिकेत ३५ वर्षांची शिक्षा, भारताच्या ताब्यात देणार नाही ही हमी आधीच खिशात. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हिडिओवरून साक्ष झाली. लष्कर-ए-तोयबाच्या एका फसलेल्या कारवाईबद्दल त्याने दुसऱ्यांकडून ऐकले होते. त्यातल्या बाईचे नाव काय? सरकारी वकिलांनी तीन नावे पुढे ठेवली. त्याने त्यातले एक निवडले: गुजरात पोलिसांच्या वादग्रस्त चकमकीत मारली गेलेली इशरत जहाँ.

आठवण अशी तपासतात? परीक्षेतही चार पर्याय देतात.

दुसऱ्या दिवशी ते नाव पहिल्या पानावर होते. ऐकीव माहिती, तीही पर्यायांतून निवडलेली. न्यायालयात तिचे वजन किती, हे वाचायला कोण थांबले?

आणि इथेच खरे दुखणे आहे. दुहेरी कसोटी लागते निकालाच्या दिवशी. आपल्याकडे निकालाचा दिवस उजाडतो कधी? तोवर त्याच न तपासलेल्या जबाबावर माणूस आत असतो. ज्याची साक्ष कायदा संशयाने पाहायला सांगतो, त्याचा शब्द जामीन रोखायला मात्र पुरतो. मनी लाँड्रिंगच्या कायद्यात तर आरोपी दोषी नाही असे मानायला कारण आहे, याचे समाधान न्यायालयाला व्हावे लागते, तरच जामीन. उलटतपासणी झालेली नसताना ते समाधान आरोपीने कसे करून द्यायचे?

अनिल देशमुखांचे प्रकरण आपल्या डोळ्यांसमोर घडले. नोव्हेंबर २०२१ मध्ये माजी गृहमंत्री आत. जून २०२२ मध्ये सीबीआयच्या खटल्यात बडतर्फ पोलीस अधिकारी सचिन वाझे माफीचे साक्षीदार. याच वाझेंनी देशमुखांवरील आरोपांची चौकशी करणाऱ्या चांदीवाल आयोगापुढे आधी वेगळे सांगितले होते, मग ते मागे घेऊ द्या म्हणून अर्ज केला होता. कोणते खरे? डिसेंबर २०२२ मध्ये जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने नेमके हेच टिपले, की देशमुखांच्या सांगण्यावरून पैसे उकळले असे वाझे सोडून दुसरे कोणी म्हणत नाही. देशमुख दोषी की निर्दोष, ते खटला ठरवील. पण हे वाक्य लिहिले जाईपर्यंत त्यांना वर्षाहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला.

एक विचित्र गाठ आणखी. जामिनावर नसलेल्या माफीच्या साक्षीदाराने खटला संपेपर्यंत कोठडीतच राहावे, असे कायदा सांगतो. ज्यांच्याविरुद्ध बोलायचे ते बाहेर आणि बोलणारा आत. वाझेंना या खटल्यात उच्च न्यायालयाकडून जामीन मिळायला ऑक्टोबर २०२४ उजाडला.

दिल्लीचे मद्य धोरण प्रकरण याच वाटेचे. माजी उपमुख्यमंत्री मनीष सिसोदिया १७ महिने आत. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला तेव्हा खटला सुरूही झाला नव्हता आणि साक्षीदारांची यादी होती ४९३ जणांची. त्याच महिन्यात याच प्रकरणातल्या आरोपी के. कविता यांच्या जामिनाच्या वेळी अमरावतीचे न्या. भूषण गवई यांनी तपास यंत्रणांना सरळ विचारले, जो स्वतःचाच गुन्ह्यातला सहभाग सांगतो त्याला तुम्ही साक्षीदार करता, उद्या हवा त्याला उचलाल आणि हवा त्याला सोडाल?

याच प्रकरणात ऑरोबिंदो फार्माचे एक संचालक माफीचे साक्षीदार झाले. तारखा पाहा. १० नोव्हेंबर २०२२ ला अटक. १५ नोव्हेंबरला कंपनीने पाच कोटींचे निवडणूक रोखे घेतले. ते भाजपने वटवले. मे २०२३ मध्ये प्रकृतीच्या कारणावरून जामीन, जूनमध्ये माफी. नोव्हेंबरमध्ये आणखी पंचवीस कोटींचे रोखे.

या तारखांवरून न्यायालयात काही सिद्ध होते का? आपोआप नाही होत. पण साक्षीदाराला हे प्रश्न विचारायचे असतात उलटतपासणीत. आणि ती होते खटल्यात. आणि खटला असतो पुढच्या तारखेला.

उलटतपासणी न झाल्याची किंमत ब्रिटिशांनाही मोजावी लागली होती. अलीपूर बॉम्ब खटल्यातला माफीचा साक्षीदार नरेंद्रनाथ गोस्वामी याला ३१ ऑगस्ट १९०८ रोजी तुरुंगातच गोळ्या घातल्या गेल्या. त्याची उलटतपासणी झालीच नव्हती, म्हणून त्याची साक्ष बाद ठरली. अरविंद घोष सुटले. परक्या सरकारचे न्यायालय, राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचे आरोपी आणि तरी न तपासलेला शब्द पुराव्यात घेतला नाही.

गुजरातमधल्या अक्षरधाम मंदिरावरील हल्ल्याचा खटला आपल्याच न्यायालयांतला. कबुलीजबाब आणि साथीदारांच्या साक्षी यांवर तिघांना फाशी सुनावली गेली, खाली आणि उच्च न्यायालयातही. १६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले. त्या दिवशी देश लोकसभेचे निकाल पाहत होता. फाशीच्या कोठडीतल्या माणसांची बातमी कितीजणांनी वाचली?

माफीचा साक्षीदार ही तरतूद काढून टाका, असे शहाणा माणूस म्हणणार नाही. मागणी साधी आहे. जामिनाला विरोध करताना सरकार पक्ष अशा साक्षीदाराचा जबाब पुढे करतो, तेव्हा त्याच पानावर त्याचे आधीचे सगळे जबाब तारखांसह द्यावेत. अटक कधी, आरोपीचे नाव पहिल्यांदा कोणत्या जबाबात आले, जामीन कधी, त्याला सरकारने विरोध केला का, माफी कधी. न्यायाधीशांनी ते पान वाचावे आणि मग जामिनावर निर्णय द्यावा.

एक पान. त्यासाठी कोणता नवा कायदा लागतो?