कापूस मोघम

सरकारी नकाशात आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे तालुके १३ आहेत; पण सोयरीक जुळवताना विचारतात ते एवढंच, की मुलगी घाटावरची की घाटाखालची? बुलढाणा, चिखली, मेहकर हे घाटावर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर हे खाली, पूर्णेच्या काळ्या मातीत. दोन्हीकडची माणसं स्वभावानं सारखीच. फक्त घाटाखालची माणसं मोठ्यानं बोलतात आणि कमी ऐकतात. याला कारण कूलर.

मार्च संपला की तो खिडकीत येऊन बसतो. पत्र्याचा, कपाटाएवढा, तीन बाजूंनी गवत भरलेला. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की दिवसरात्र चालतो. पंख्याची घरघर, पंपाची गुरगुर आणि एका सैल झालेल्या स्क्रूचा स्वतंत्र कार्यक्रम, एवढ्यात संसार करायचा असतो. त्यामुळे आमच्याकडे नवरा-बायकोच्या बोलण्यातला पहिला शब्द 'आँ?' हा असतो. बहुधा दुसराही.

माझी बायको बुलढाण्याची. जिल्ह्याचे साहेब लोक मुळात हवा बघूनच तिथं जाऊन बसले असावेत, असा आम्हा खालच्यांचा जुना संशय आहे. तिच्या माहेरी सगळे हळू बोलतात आणि बोलताना मध्येच थांबतात. त्या थांबलेल्या जागी समोरच्यानं 'मग?' म्हणायचं असतं. आमच्या घरात कुणी थांबलं की त्याचं संपलं असं समजून दुसरा सुरू होतो. या घरात आपली एकही गोष्ट शेवटापर्यंत गेली नाही, अशी तिची तक्रार होती. मग तिच्या लक्षात आलं, की इथं कुणाचंच कुणी ऐकत नाही. माझी आई न थांबता बोलते, म्हणून तिच्या गोष्टी तेवढ्या शेवटाला जातात.

लाईट गेली की मात्र पंचाईत होते. कूलर एकदम बंद पडतो, माणसाचा आवाज तेवढ्या लवकर खाली येत नाही. अशाच एका रात्री 'आत्यांनी दिलेल्या पातळाचं मी पायपुसणं केलंय' हे वाक्य अर्धं कूलरमध्ये सुरू झालं आणि अर्धं गल्लीभर गेलं. आत्या पलीकडच्याच घरात राहतात. मंगळसूत्रापासून मोतीबिंदूपर्यंत कुठलीही गोष्ट तीनदा सांगावी लागणाऱ्या आत्यांना हे पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आलं.

आमच्या ऑफिसात एसी आहे, त्यामुळे तिथं न ऐकायला दुसरी सबब शोधावी लागते. लोकांचं नीट ऐकत नाही अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा वरून प्रशिक्षण आलं. एक गृहस्थ पुण्याहून येऊन ऐकण्यावर दिवसभर बोलले. समोरच्याच्या डोळ्यांत बघा, मान हलवा, तो बोलला ते आपल्या शब्दांत त्याला परत सांगा, म्हणजे त्याला बरं वाटतं. आमचे एक उत्साही सहकारी दुसऱ्याच दिवशी खिडकीवर प्रयोगाला बसले.

"साहेब, माह्या विहिरीचा हप्ता अडकला."

"म्हणजे तुमचं म्हणणं असं, की तुमच्या विहिरीचा हप्ता अडकलेला आहे."

शेतकऱ्यानं आधी मागे वळून बघितलं, मग सहकाऱ्याकडे. "मंग मी काय फारशीत बोलून रायलो का?"

त्याला शेवटी आमच्या शिपायानं बाकावर नेऊन बसवलं. पाणी दिलं. कोन्या गावचे, विचारलं. मग नुसतं 'मंग?' म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा 'मंग?' आजोबांच्या काळापासून सुरू झालेली हकिकत तिसऱ्या 'मंग?'ला मुद्द्यावर आली. हप्ता अडकलेला नव्हताच. तो ह्याच नावाच्या चुलतभावाच्या खात्यात गेला होता, भावानं तो खर्चही केला होता, आणि घरातली गोष्ट खिडकीवर कशी सांगावी म्हणून हा 'अडकला' म्हणत होता. शिपाई प्रशिक्षणाला नव्हता. त्या दिवशी त्याच्याकडे चहाचं काम होतं.

पण ऐकण्याचा खरा तमाशा बघायचा, तर अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला जावं. आदल्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. वाघ घराण्यातल्या चंद्रभान महाराजांनी ही पद्धत सुरू केली आणि तिला साडेतीनशे वर्षं झाली, असं सांगतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. वर पाण्यानं भरलेली घागर. तिच्याजवळ पापड, भजी, वडा, सांडोई-कुरडई, करंजी, पुरी. पुरी म्हणजे पृथ्वी, करंजी म्हणजे तिजोरी आणि पानविडा म्हणजे राजाची गादी. भोवती गोलाकार १८ धान्यं: ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, जवस, करडी, अंबाडी, भादली, कपाशीसाठी सरकी, वगैरे. रात्री तिथं कुणी फिरकायचं नाही. सकाळी ढेकूळ किती भिजलं, कुठला दाणा जागचा हलला, हे बघून वर्षाचं भाकीत सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांना हे मान्य नाही आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. तरी मी जातो. एरवी चौघं जमली की पाच जण बोलणाऱ्या आमच्या मुलखात हजारो माणसं उन्हं चढायच्या आत चिडीचूप उभी असतात, हे दुसरीकडे कुठं बघायला मिळणार?

भाकिताची भाषा मोठी खुबीची. पाऊस कमी-जास्त. ज्वारी सर्वसाधारण. गादी कायम, पण ताण. आणि सगळ्यांत लाडका शब्द म्हणजे मोघम. कापूस मोघम, तूर मोघम. प्रशिक्षणाच्या गृहस्थांनी हे आपल्या शब्दांत परत सांगून दाखवावं.

खरी गंमत पांगापांग झाल्यावर, चहाच्या गाड्यांपाशी. आमचे काका म्हणाले, "आयकलं ना? औंदा कापूस जोरात." काकांनी चार दिवस आधीच सरकीच्या पिशव्या आणून ठेवल्या होत्या. शेजारच्या गावच्या एकानं त्याच मोघममध्ये कापूस बुडाल्याचं ऐकलं. त्याला वावर विकून मुलाला संभाजीनगरला दुकान टाकून द्यायचं होतं. तिसरा पिकांचं काही ऐकायलाच तयार नव्हता. त्याला फक्त गादीचा ताण ऐकू आला होता आणि तो कुणाला येणार हेही त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. तिघंही घट मांडला त्या जागेपासून सारख्याच अंतरावर उभे होते. कूलर तर मैलभरात नव्हता.

गाडीजवळ एक म्हातारबा उकिडवे बसून कपाळाला आठी घालून हे सगळं ऐकत होते. डोक्याला पांढरा रुमाल, हातात बशी. मध्येच कुणाला तरी 'हाव का?' म्हणायचे, की तो आणखी बोलायचा. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला काय ऐकू आलं?"

"महाराज काय म्हनले थे नाही आयकलं बा. कानानं कमी येते."

"मग एवढ्या लांबून आले कशाला?"

"हे लोकं काय आयकतात, थे आयकाले." त्यांनी बशीतला चहा संपवला. "साऱ्याईनं कापूस आयकला तं मी तूर पेरतो. साऱ्याईनं तूर आयकली तं कापूस. भाव भेटते."

मी मनातल्या मनात पुण्याच्या गृहस्थांचा सगळा दिवस त्यांच्यावरून ओवाळून टाकला. तेवढ्यात त्यांनी मलाच विचारलं, "तुमी काय आयकलं?"

"कापूस मोघम," मी म्हणालो.

"वावर किती?"

"वावर नाही, नोकरी आहे."

"मंग तुमचं कायले धरू," म्हणाले आणि बशी ठेवून काकांकडे वळले.