रंगाची मुदत

ओठांना लावावयाचा रंग मऊ, स्निग्ध असावा आणि शिवाय तो वज्रलेप होऊन टिकावा, अशी दुहेरी अपेक्षा बाळगणाऱ्या स्त्रीने प्रथम हे ध्यानी घ्यावे की, हे दोन्ही गुण जुने दावेदार असून त्यांच्यात आजवर जो काही तहनामा झाला, तो रसायनशास्त्राच्या मध्यस्थीने झाला. स्निग्धता येते ती मेणातून आणि एरंडेलातून. ज्या एरंडेलाची वाटी दिसताच आम्ही बालपणी माळ्यावर दडी मारीत असू, तेच आज सुगंधित होऊन सोनेरी नळीतून डोके वर काढते आणि आम्ही पदरचे पैसे मोजून त्याचे स्वागत करतो! परंतु तैलयुक्त रंग एकनिष्ठ नसतो. कपाची कड, हातरुमाल, भाच्याचा गाल, जेथे स्पर्श तेथे तो आपली हजेरी नोंदवून येतो. अमेरिकेत १९५० च्या सुमारास हेझल बिशप नामक रसायनशास्त्रज्ञ बाईंनी न पुसणारी लिपस्टिक बाजारात आणली, तिची मेख अशी की, रंजकद्रव्य ओठांच्या त्वचेतच मुरे. पुढे उडून जाणाऱ्या द्रावकांची युक्ती निघाली. द्रावक हवेत विरते, मागे रंगाचा पापुद्रा उरतो, आणि मग हसण्यासही ओठांची मंजुरी घ्यावी लागते.

आमच्याकडे टाटांनी १९५२ साली लॅक्मे काढली, ती विलायती प्रसाधनांपायी खर्ची पडणारे परकीय चलन वाचावे म्हणून, असे सांगतात. तेव्हापासून आमच्या आत्याबाई ओठ रंगविण्याला देशसेवा म्हणत, आणि वडीलधाऱ्यांची हरकत तेवढ्यावर तहकूब होई.

दुकानातली विक्रेती मनगटापासून कोपरापर्यंत तांबड्या-तपकिरी रेघा ओढीत जाते. पण मनगटावर विटकरी दिसणारा रंग ओठांवर जांभळट होतो, कारण तेथे ओठांचा मूळ रंग आपला हिस्सा मागतो.

"मॅडम, सोळा तास हलणार नाही," ती म्हणाली.

"आणि लग्नात पंगतीला बसलं तर?" आमच्या नणंदबाईंनी विचारले. विक्रेतीने मुकाट्याने दुसरी नळी उघडली.

नणंदबाईंची शंका रास्त होती. चहापाण्याला भीक न घालणारा रंग पुरणपोळीवरच्या साजूक तुपापुढे शरण जातो, कारण स्निग्धाला स्निग्धच विरघळविते; आणि ओठांना स्पर्श न होऊ देता जिलबी खाण्याची विद्या कितीही साधली, तरी मठ्ठ्याचा पेला ओठाला लावावाच लागतो. मधला मुलूख जातो, कडेची सरहद्द तेवढी शाबूत राहते. नेमका त्याच सुमारास छायाचित्रकार "सगळ्या बायका इकडे या!" अशी द्वाही फिरवितो, कुणाच्या तरी पर्समधली एकुलती एक नळी आत्या, जावा, नणंदा, भाच्या अशी हातोहात फिरते, आणि तीन पिढ्यांचे ओठ एकाच रंगाचे झालेले पाहून वरपक्षाची मंडळी त्यास घराण्याचे साम्य समजतात.