वाक्याले वजन पायजे!

बाभुळगावात कोणाच्याही पोराला कसलाही अर्ज करायचा असला, की पाय आपोआप गुरुजींच्या ओसरीकडे वळतात. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले. निबंधातून झाले नाहीत. अलीकडे नववी-दहावीच्या पोट्ट्यांना उन्हाळ्यात मामाच्या गावाला नाही, इंटर्नशिपला जायचं असतं. होळी आटोपली की ओसरीवर रांग लागते. अडचण एकाच प्रश्नाची: 'तुम्हाला इथे का यायचे आहे? २०० शब्दांत लिहा.'

गुरुजी बंडीच्या टोकानं चष्मा पुसतात, लाल पेनाचं टोपण दातानं काढतात, पहिलं वाक्य वाचतात आणि मान हलवतात. "वजन नाई लेका. वाक्याले वजन पायजे!"

मग वजन घालणं सुरू. 'मला विज्ञान आवडतं' याचं होतं, 'बालपणापासूनच विज्ञानाच्या अथांग सागराने मला साद घातली.' पोरगं चौदा वर्षांचं. त्याचं बालपण अजून ओसरीबाहेर सायकल धरून उभं असतं. दुसऱ्या परिच्छेदात डॉ. कलाम येतात, तिसऱ्यात तुकडोजी महाराज आणि शेवटी 'या संधीचे मी सोने करीन.' ऑनलाइन फॉर्मचा रकाना मात्र २०० शब्दांवर झडप पाडतो, त्यामुळे बऱ्याच पोरांचे अर्ज 'भारतमातेच्या चर' इथपर्यंतच पोचले आहेत.

इस्रोच्या 'युविका'नं तर गुरुजींना फार दुखावलं. २०१९ पासून इस्रो नववीच्या निवडक मुलांना उन्हाळ्यात आपल्या केंद्रांवर नेते. गुरुजींनी एका पोराला तीन पानं लिहून दिली. पोरगं तासाभरात परत. "गुरुजी, याच्यात निबंधाचा रकानाच नाई." आठवीचे गुण, ऑनलाइन प्रश्नमंजुषा, विज्ञान प्रदर्शन, खेड्यातल्या शाळेचे जादा गुण, असा सगळा हिशेब. "रॉकेट सोडते म्हंतात," गुरुजी म्हणाले, "अन् तीन पानं वाचाले टाइम नाई!"

हसावं तर पंचाईत. माणूस कोणाकडून रुपया घेत नाही. प्रिंटचे पैसे, ओसरीवरचा चहा, सगळं पेन्शनीतून. अर्ज नामंजूर झाला तर पोरापेक्षा गुरुजीच जास्त दिवस जेवणात मीठ कमी आहे म्हणतात.

यंदा एक मुलगी आली. प्रयोगशाळेतल्या उन्हाळी कामासाठी अर्ज होता. तिनं लिहिलं होतं: 'फवारणीहून आल्यावर बाबाचे डोळे लाल राहतात. औषधाच्या डबीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे आमच्या घरी कोणालाच माहीत नव्हतं. ते औषध अंगात कसं जातं ते मला शिकायचं आहे.'

"वजन नाई," म्हणत गुरुजींनी लाल पेन चालवलं: 'कृषिप्रधान राष्ट्राच्या पोशिंद्याच्या नेत्रांतील रक्तिमा पाहून माझे अंतःकरण विदीर्ण झाले.'

पोरीनं वाचलं. "गुरुजी, याच्यात माह्या बाबाचे डोळे कुठी हायेत?"

२०१७ च्या फवारणीत विषबाधा होऊन जिल्ह्यातली किती माणसं दवाखान्यात गेली, किती परत आलीच नाहीत, हे गुरुजींनाही ठाऊक. त्यांनी स्वतःचंच वाक्य खोडलं. मग पोरीचंही एक खोडायला गेले, थांबले, आणि एका ठिकाणी फक्त स्वल्पविराम दिला. तिचा निकाल अजून यायचा आहे, पण "तो अर्ज म्याच दुरुस्त केला" हे बसस्टँडवरच्या चहावाल्यालाही पाठ झालंय.

परवा किराणा दुकानदाराचा मुलगा आला. 'बालपणापासूनच' दिसताच गुरुजींनी कागद परत केला. "हे नको लेका. घरचं लिही. तुह्या बापाचे डोळे लाल होते का?"

"नाई जी. दुकान हाये आमचं."

गुरुजी विचारात पडले. "मंग कंबर तं दुखत असन?"